११ हजारांनी ॲप उतरवलं, रोज उघडतात ३००

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघा मित्रांनी नागपुरात घरगुती डब्याचं ॲप काढलं. हिंगणा रोड, त्रिमूर्तीनगर, आयटी पार्कचा भाग आणि आता नंदनवनकडच्याही मेस जोडल्या. ८ महिन्यांत ११ हजार डाउनलोड झाले, पण दिवसाला ॲप उघडणारे ३००च्या वर जात नाहीत. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातींना महिन्याला ४० हजार लागतात, पहिल्या डब्यावर ५० रुपये सूट देता, तरी लोक एकदा जेवतात आणि गायब होतात. लोक वाढवायचे कसे, टिकवायचे कसे, आणि आयफोनचं ॲप आत्ताच काढावं का?

मी या कामात १३ वर्षं आहे, बहुतेक सगळी नागपुरातच. या काळात दोन ॲप डोळ्यांदेखत बंद पडलेली पाहिली, त्यातलं एक माझंच होतं. त्याची गोष्ट पुढे येईल.

पहिलं काम, जाहिरात महिनाभर बंद करा. ४० हजार वाचतील हा फायदा आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. रोज नवे लोक आत येत राहिले की जुने किती गेले ते दिसत नाही. आकडा ३००वर स्थिर आहे म्हणून तुम्हाला वाटतं गाडी थांबली आहे. कदाचित रोज ४० येतात आणि ४० जातात. म्हणून पहिला प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा: हे ३०० रोज तेच आहेत, की रोज वेगळे? तेच असतील तर तुमच्याकडे छोटा का होईना, धंदा आहे. वेगळे असतील तर सध्या तुमच्याकडे फक्त जाहिरात आहे.

११ हजार हा आकडाही भिंतीवर लावू नका. गुगल प्लेच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ॲपवाल्यांना आकडे दिसतात त्या पानावर, आजवर किती जणांनी उतरवलं हे वेगळं आणि आज किती फोनमध्ये ॲप शिल्लक आहे हे वेगळं दिसतं. दुसरा आकडा पाहा. शिवाय ५० रुपयांची सूट असल्यावर दोन सिमवाला पोट्टा दोनदा ‘नवा’ होतो, आणि रूमवरच्या चौघांनी आळीपाळीने नंबर दिले तर आठवडाभर सगळे स्वस्तात जेवतात. मी कॉलेजात असतो तर मीही हेच केलं असतं. तेव्हा नंबर मोजू नका, डबा पोचवायचे पत्ते मोजून पाहा. ११ हजारांतली माणसं किती, त्याचा थोडा अंदाज येईल.

आता तुकड्यांची वही. आपल्या कामात तिला कोहॉर्ट म्हणतात, मी तुकडी म्हणतो, कारण शाळेतल्या तुकडीसारखीच ती असते: जे एकत्र दाखल झाले ते एकत्र मोजायचे. एक्सेल पुरे, महागडं साधन नको. समजा जूनच्या पहिल्या आठवड्यात २०० जणांनी पहिला डबा मागवला. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या ९० जणांनी निदान एक डबा घेतला, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ५२, पाचव्यात ५०, सहाव्यात ४९. ही तुकडी चांगली आहे. खूप गेले, पण उरलेले रुतून बसले. दुसरी तुकडी समजा ९०, ४०, १८, ७, २ अशी गेली. तिच्यात उरलंच कुणी नाही. पहिल्या प्रकारात जाहिरातीवर पैसा टाकण्यात अर्थ आहे, दुसऱ्या प्रकारात तो पैसा जाहिरातवाल्या कंपनीला दिलेली देणगी. सूट घेऊन आलेल्यांची आणि सूट न घेता आलेल्यांची वही वेगळी ठेवा. मला शंका आहे की सूटवाल्यांची वही दुसऱ्या प्रकारची निघेल, पण ते तुमचे आकडे सांगतील.

वही वाचताना नागपूरचं कॅलेंडर शेजारी ठेवा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या संपेपर्यंत येतच राहतात. दिवाळीला हॉस्टेलं रिकामी होतात. श्रावणात, नवरात्रात उपासवाले डबा बंद ठेवतात. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की ज्याला घर आहे तो घरी जातो. त्यामुळे एप्रिलशी मेची तुलना करून ‘३० टक्के लोक गेले’ म्हणून रडू नका, आणि मेशी जुलैची तुलना करून पेढेही वाटू नका. दिवाळीला गेलेला माणूस दिवाळीनंतर परत आला का, एवढंच विचारा.

माझ्या बंद पडलेल्या ॲपची गोष्ट आता सांगतो, कारण तुमच्या ॲपचा रोग मला तोच वाटतो.

आम्ही दुधाच्या हिशेबाचं ॲप काढलं होतं. दूधवाल्याकडे एक, ग्राहकाकडे एक. रोज सकाळी ग्राहकाने ‘दूध आलं’ असं दाबायचं, महिनाअखेरी बिल तयार. आम्ही रोज सकाळी साडेसहाला आठवण पाठवायचो. लोक ॲप उघडायचे, आलेख वर जायचा, आम्ही खूश. दोन महिन्यांनी लोक आठवणी बंद करायला लागले, मग ॲप काढायला लागले. काय चुकतंय ते कळेना. शेवटी मानेवाड्यातल्या एका ग्राहक बाईंच्या घरी जाऊन बसलो. त्यांच्या फ्रिजवर कालनिर्णय लटकत होतं आणि त्यावर महिन्याभरात तीन फुल्या होत्या. मी विचारलं, या फुल्या कसल्या? त्या म्हणाल्या, “ज्या दिवशी दूध नाही आलं त्या दिवशी फुली. बाकी रोजचं कोण लिहीत बसते?”

आमचं दीड वर्षाचं डोकं त्या तीन फुल्यांपुढे फिकं पडलं. लोकांना हिशेब हवा होता, रोजची हजेरी नको होती. आम्ही उलटं केलं: दूध आलंच असं धरायचं, नाही आलं तरच दाबायचं. ॲप उघडण्याचा आकडा धाडकन खाली आला. माझा भागीदार घाबरला, पैसे लावणारे एक काका होते ते तर दोन दिवस बोलले नाहीत. पण त्यानंतर आलेल्या तुकड्या टिकायला लागल्या, कारण ॲप आता त्यांचा वेळ खात नव्हतं. आम्हाला हे कळेपर्यंत पैसे संपले होते. तुमचे अजून संपलेले नाहीत, म्हणून लिहितोय.

तुमच्या धंद्यातही माणूस ॲप उघडायला आलेला नाही, जेवायला आलेला आहे. तुमचा रोजचा आकडा ‘किती जणांनी उघडलं’ हा नकोच. ‘आज किती जणांचा डबा चालू आहे’ हा हवा. महिन्याचा डबा लावलेला माणूस आठवडाभर ॲप न उघडता दोन वेळ जेवत असेल तर तो तुमचा सगळ्यात चांगला ग्राहक आहे, आणि तुमच्या सध्याच्या मोजणीत तो ‘गेलेला’ धरला जातो.

मग असा माणूस ॲप कधी उघडतो? डबा नको असतो तेव्हा. मित्राचा वाढदिवस आहे, गावी जायचं आहे, रात्री सावजी खायला जायचं ठरलं आहे. ते पैसे वाचले पाहिजेत, ही मेसवाल्या प्रत्येक पोराची जुनी तक्रार आहे. मी तुमचं ॲप घरातल्या जुन्या, ३ जीबी रॅमच्या फोनवर उतरवून पाहिलं. ‘सुट्टी टाका’ हे बटण प्रोफाइलमध्ये, तिथून प्लॅनमध्ये, तिथून तीन ठिपक्यांच्या आत सापडलं, आणि दुपारच्या डब्याची सुट्टी आदल्या रात्री ८ वाजता बंद होते. कॉलेजच्या पोराला रात्री ८ वाजता उद्या दुपारचं माहीत असतं का? मेसवाल्या ताईंशी बोला. त्यांची भाजी कधी चिरली जाते, कणीक कधी मळतात ते विचारा. बहुतेकींना सकाळी ७-८ पर्यंत आकडा मिळाला तरी चालतं असा माझा अनुभव आहे. हे बटण पहिल्या पडद्यावर, सगळ्यात मोठं करा. दाबलं की ‘१ डबा पुढे सरकला, शिल्लक २३’ असं लगेच दिसू द्या. मग एक तुलना करा: पहिल्या आठवड्यात ज्यांनी एकदा तरी सुट्टी टाकली ते, आणि ज्यांनी नाही टाकली ते. कोण जास्त टिकतं? माझी पैज पहिल्यांवर आहे. ज्याला एकदा वाचलेले पैसे दिसले त्याचा भरवसा बसतो. अर्थात पैज म्हणजे पुरावा नव्हे. जो विश्वासू आहे तोच सुट्टी टाकत असेल, असंही असू शकतं. म्हणून अर्ध्या नव्या लोकांना मोठं बटण आणि अर्ध्यांना जुनंच, असं तीन आठवडे चालवून पाहा.

दुसरी गोष्ट फोनची, आणि ही तुम्ही टाळाल याची मला खात्री आहे, कारण सगळे टाळतात. सोडून गेलेल्या ३० जणांना स्वतः फोन करा. कामावर ठेवलेल्या मुलीला सांगू नका, गुगलचा फॉर्म पाठवू नका. ‘तुम्ही आमचं ॲप का सोडलं’ असं विचारलं तर माणूस सभ्यपणे खोटं बोलतो: वेळ नव्हता, परीक्षा होती. त्यापेक्षा विचारा, “काल रात्री कुठे जेवलात?” हा प्रश्न कुणाला टोचत नाही आणि उत्तर खरं येतं. मी एका अशाच मेसच्या ॲपसाठी हे फोन केले होते. पाचव्या-सहाव्या फोनवर एक पोरगा म्हणाला, “भाऊ, मी तर काकूकडेच जेवून राहिलो ना. ॲप कायले लागते आता?”

यातच सगळं आलं. तो गेलाच नव्हता. त्याच मेसवाल्या काकूंचा तोच डबा तो खात होता, फक्त मधून ॲप गेलं होतं. पहिल्या आठवड्यात डबा द्यायला आलेल्या माणसाकडून नंबर घेतला, काकूंनी सांगितलं मला सरळ यूपीआय कर, १० रुपये कमी घेईन. दोघांचा फायदा, तुमचा तोटा. तुमच्या ११ हजारांत असे किती आहेत ते कळल्याशिवाय ‘टिकत नाहीत’ म्हणू नका. ज्या मेसचे ग्राहक नेमके दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकगठ्ठा नाहीसे होतात, तिथे चव खराब नाही, उलट चव फार चांगली आहे असं समजा.

यावर बहुतेक जण काय करतात? नंबर लपवतात, दंडाची कलमं घालतात, काकूंना धमकीवजा मेसेज पाठवतात. नागपुरात हे चालत नाही. काकूंचा मुलगा दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपचा ग्रुप करतो आणि तुमचं ॲप संपतं. काकूंना ॲपशिवाय राहणं जड जाईल असं काहीतरी त्यांच्या हातात द्या. त्यांच्या घरी अर्धा दिवस बसा, दिसेल. सकाळी ३५ लोकांचे मेसेज: आज नको, आज दोन द्या, आज फक्त पोळ्या. त्यातले दोन मेसेज वाचायचे राहतात, दोन डबे जास्त बनतात आणि संध्याकाळी मोलकरणीला दिले जातात. महिनाअखेरी सात जणांकडे बाकी, आणि त्या पोरांकडे मागायची काकूंना लाज वाटते. ‘काकू’ म्हणणाऱ्याकडे पैसे मागणं सोपं नसतं. तर सकाळी ८ वाजता त्यांच्या फोनवर एकच ओळ जाऊ द्या: ‘आज दुपार ३१, रात्र २८, जास्तीच्या पोळ्या ४ जणांना.’ आणि राहिलेल्या पैशांची आठवण त्यांच्या वतीने तुम्ही करा. त्यांनी स्वतः मिळवलेले, ॲपबाहेरचे ग्राहकही त्यांना यात फुकट टाकू द्या. हो, फुकट. कमिशन फक्त तुम्ही आणून दिलेल्या माणसावर. मग काकू स्वतःच पोराला सांगतात, ॲपवर टाक रे बावा, मला हिशेब जमत नाही. अशी काकू महिन्याच्या ४० हजारांच्या जाहिरातीपेक्षा जास्त माणसं आणते आणि ती माणसं जेवणासाठी आलेली असतात, सवलतीसाठी नाही.

आता ॲपच्या आत. तुमचं ॲप उघडताक्षणी मोबाइल नंबर मागतं, मग ओटीपी, मग लोकेशन, मग सूचनांची परवानगी, आणि त्यानंतर पहिली भाजी दिसते. दुकानात पाय ठेवायच्या आधी आधारकार्ड मागण्यासारखं आहे हे. आधी मेस, आजचा बेत, भाव दिसू द्या. नंबर पहिला डबा नक्की करताना मागा. ओटीपी उशिरा येत असेल तर नेटवर्कला दोष देण्याआधी तुमचा डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस नोंदवायच्या व्यवस्थेवर) नोंदवलेला मजकूर तपासा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) नोंदवावं लागतं आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही की संदेश वाटेतच अडतो. एका ॲपमध्ये कुणीतरी ‘कोड’च्या जागी ‘ओटीपी’ केलं आणि दोन दिवस एकही नवा माणूस आत आला नाही, आमच्या लक्षात आलं ते तिसऱ्या दिवशी.

पत्त्याचं तर आपल्या शहरात वेगळंच प्रकरण आहे. प्लॉट नंबर अमुक, तमुक ले-आऊट, आणि प्लॉट १२च्या शेजारी १३ असेलच याची हमी नाही. नुसत्या नकाशावरच्या पिनवर विसंबू नका. ‘जवळची खूण’ हा रकाना सक्तीचा करा आणि बोलून नोंदवायची सोय द्या: “हनुमान मंदिराच्या मागच्या गल्लीत, निळं गेट.” डबा पहिल्याच दिवशी पाऊण तास उशिरा पोचला तर त्या माणसाला परत आणायला कुठलीही सूचना पुरत नाही.

सूचनांबद्दल. अँड्रॉइड १३ पासून ॲपला सूचना पाठवायला माणसाची परवानगी लागते, आणि दोनदा नकार दिला की फोन ती खिडकी पुन्हा दाखवतच नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन सुरू करणारे किती असतात? तुम्ही हे पहिल्या दहा सेकंदांत विचारता, म्हणजे हातातला चांगला पत्ता सुरुवातीलाच फेकता. पहिला डबा नक्की झाल्यावर साध्या भाषेत विचारा: ‘डबा निघाला की कळवू का?’ तेव्हा नाही कोण म्हणेल? आणि ‘डबा निघाला’ व ‘ऑफर’ यांचे चॅनल वेगळे ठेवा, अँड्रॉइड ८ पासून ती सोय आहे. एकच चॅनल असेल तर ऑफरला वैतागलेला माणूस सगळंच बंद करतो. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली ॲप मारून टाकतात, तिथे सूचना उशिरा पोचते किंवा पोचतच नाही. म्हणून डबा रद्द झाला, मेसला सुट्टी आहे, अशा गोष्टी व्हॉट्सॲपवरही पाठवा. त्याला पैसे पडतात, प्रचाराच्या मेसेजला व्यवहाराच्या मेसेजपेक्षा जास्त पडतात, तेव्हा तिथे ‘शुभ सकाळ’ पाठवायचा मोह टाळा.

रात्री साडेआठला एक सूचना मात्र मी पाठवीन: उद्याचा बेत. ‘उद्या दुपारी गोळाभात आणि कढी’ हे वाचून ज्याला सुट्टी टाकायची होती तो टाकत नाही. ‘तुमच्यासाठी खास ऑफर’ हे वाचून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटत नाही. तुमच्या ॲपमध्ये आत्ता ‘आपली सदस्यता समाप्त होत आहे, कृपया नूतनीकरण करा’ असं येतं. हे नझूल ऑफिसचं सरकारी पत्र वाटतं. ‘३ डबे उरले. पुढचा महिना चालू ठेवू का?’ एवढं बास. हिंदीही तितकीच नीट करा. बालाघाट-छिंदवाड्याकडची पोरं मराठी समजतात, पण पैशाचा मजकूर त्यांना हिंदीत हवा असतो.

सगळ्यात जास्त माणसं सुटतात ती महिना संपतो त्या दिवशी आणि सुट्ट्यांच्या आधी. इथे ‘बंद करा’च्या आधी ‘थांबवा’ द्या, परत यायच्या तारखेसकट. दिवाळीला जाणाऱ्याला विचारा, कधीपासून पुन्हा सुरू करू? तारीख टाकली की शिल्लक डबे तसेच राहतील हे दाखवा. ज्याचे ९ डबे शिल्लक आहेत तो येतोच. पण ‘बंद करा’ लपवू नका. खातं काढून टाकायची सोय ॲपमध्येच असावी, असा प्लेचा नियमही आहे.

ॲपचं वजन आणि अडकणं हा विषय मी पटकन उरकतो, कारण तुमचा डेव्हलपर चांगला दिसतो. प्ले कन्सोलमधल्या व्हायटल्समध्ये (ॲपच्या तब्येतीच्या पानावर) दोन आकडे पाहा: वापरणाऱ्याला दिसलेले क्रॅश १.०९ टक्क्यांच्या आणि ॲप प्रतिसाद न देणं ०.४७ टक्क्यांच्या खाली हवं. वर गेलं की प्ले तुम्हाला शोधात मागे टाकू शकतं. माझ्या जुन्या फोनवर मेसची यादी सरकवताना ॲप दोनदा गोठलं. फोटो मोठे आहेत, छोटे करा.

प्लेवरचं पानही तसंच. नावाला ३० अक्षरं मिळतात, त्यात ब्रँडनंतर ‘डबा, मेस, टिफिन’ हे शब्द असू द्या. लोक तेच शोधतात. स्क्रीनशॉटमध्ये लॉगिनचा पडदा कशाला ठेवलाय? ताट दाखवा. रेटिंग मागायचं ते दहाव्या डब्यानंतर, गुगलच्या स्वतःच्या खिडकीतून, आणि ‘५ स्टार द्या, २० रुपये मिळवा’ असलं काही नको. बक्षीस देऊन रेटिंग किंवा इन्स्टॉल मिळवणं प्लेच्या धोरणात बसत नाही.

मित्र आणा, डबा मिळवा, ही योजना चालते, पण तिचा काळ बदला. आत्ता मित्राने ॲप उतरवलं की दोघांना सूट मिळते, म्हणजे तुम्ही डाउनलोड विकत घेताय. मित्राने पाचवा डबा खाल्ला की दोघांना एक डबा फुकट, असं करा. पाच डब्यांची थाप कुणी मारत नाही. दुवे तपासून घ्या: गुगलने फायरबेसचे डायनॅमिक लिंक्स (माणसाला ॲपपर्यंत नेणारे दुवे) २५ ऑगस्ट २०२५ला बंद केले, आणि तुमच्या जुन्या पोस्टरवरचा क्यूआर त्याच प्रकारचा दिसतो. मी स्कॅन केला, कुठेच गेला नाही. नवे क्यूआर सरळ प्लेच्या पानावर न्या आणि प्रत्येक हॉस्टेलला वेगळी खूण जोडा, प्लेचा इन्स्टॉल रेफरर ती खूण ॲपपर्यंत आणून देतो. आणि क्यूआर लावायचा कुठे? डब्याच्या झाकणावर. रूममध्ये एक डबा उघडला की तिघांची नाकं तिथे येतात. याहून स्वस्त जाहिरात मला माहीत नाही.

नंदनवन सध्या सोडा, असं माझं मत आहे, तुम्हाला आवडणार नाही. हिंगणा रोड आणि नंदनवन शहराच्या दोन टोकांना आहेत. दोन्हीकडे थोडे थोडे ग्राहक म्हणजे डबेवाला पोरगा दोन्हीकडे पेट्रोल जाळतो आणि दोन्हीकडे उशीर करतो. मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर सुभाषनगर ते लोकमान्यनगर एवढाच पट्टा घ्या. तिथल्या प्रत्येक हॉस्टेलात, प्रत्येक पीजीच्या जिन्यात तुमचं झाकण दिसेपर्यंत दुसरीकडे जाऊ नका.

जाहिरात पुन्हा सुरू कराल तेव्हा हिशेब असा मांडा. समजा ४० हजारांत १,००० डाउनलोड आले. ४० रुपयाला एक, स्वस्त वाटतं. महिन्यानंतर त्यातले २० जेवत असतील तर माणशी २,००० रुपये पडले. एका डब्यामागे तुम्हाला ८ रुपये सुटत असतील तर तो माणूस २५० डबे जेवल्यावर तुमचे पैसे फिटतील, रोजचे दोन धरले तरी १२५ दिवस, म्हणजे एक सेमिस्टर संपून जातं. टिकणारे २० चे ६० झाले तर तोच हिशेब ४२ दिवसांवर येतो. जाहिरात तीच, खर्च तोच. आणि मोहीम लावताना ‘इन्स्टॉल’ हे उद्दिष्ट निवडू नका. गुगल असो की मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी), जाहिरातीचं यंत्र जे मागाल ते आणून देतं: इन्स्टॉल मागितले तर इन्स्टॉल करणारी माणसं शोधतं, जेवणारी नव्हे. ‘दुसरा डबा मागवला’ ही घटना ॲपमधून कळवा आणि तीच मागा. सुरुवातीला अशा घटना कमी असतात, यंत्र चाचपडतं, दर चढा दिसतो. दोन-तीन आठवडे कळ काढा.

जाहिरातीला वेळ जूनचा शेवट ते ऑगस्ट. त्या दिवसांत आईबाप पोराला हॉस्टेलात सोडायला आलेले असतात, आणि डब्याचा पहिला महिना बहुधा आईच ठरवते. तिला ॲप नको असतं, काकूंशी दोन मिनिटं बोलायचं असतं. तेवढी सोय करून ठेवा.

राहिला आयफोन. गुगलकडे खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. पण तो खर्च खरा नाही, खरा खर्च दुसरं ॲप सांभाळायचा आहे. हिंगणा रोडवरच्या हॉस्टेलच्या गेटवर एका संध्याकाळी तासभर उभे राहा आणि हातातले फोन मोजा. आयटी पार्कच्या टपऱ्यांवरही मोजा, तिथला आकडा वेगळा निघेल. तोवर आयफोनवाल्यांसाठी काकूंच्या पानाचा साधा वेब दुवा पुरेल, सुट्टीचं बटण त्यावरही मोठंच असू द्या.

फोन ३० झाले की काय ऐकू आलं ते कळवा. विशेषतः कितीजण काकूंकडेच जेवताहेत, तो आकडा.